बंद

शनिवारी संध्याकाळी महापौरांनी आणीबाणी जाहीर केली
आणि सोमवारी मला ग्रंथालयातून उचलून
बंद पडलेल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत आणून बसवलं.
पटसंख्या नाही म्हणून बंद झालेली शाळा.
आता दारापासून कोपऱ्यापर्यंत रांग.

मी हेर्मिनिया उरांगा, बालविभाग, एल पासो.
हाताशी तीनशे घडीच्या खाटा
आणि सवयीने पर्समध्ये आलेला तारखेचा शिक्का.

पहिल्या रात्री चारशे सव्वीस माणसं आली.

वाळवंटातली थंडी. डोंगरावर दिव्यांचा तारा लागलेला.
तो आमच्याकडे रोज लागतो, नदीपलीकडूनही दिसतो.
पलीकडून कसा दिसतो
हे मी चौपन्न वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

आधी आवाज आला. फरफट, फरफट.
तरणीताठी माणसं म्हाताऱ्यासारखी पाय घासत आत येत होती,
बोटं आवळून, बूट निसटू नयेत म्हणून.
बुटांना बंद नव्हते.
कोठडीत काढून घेतात, पहारेकरी म्हणाला,
गळ्याभोवती आवळतील म्हणून.
सोडताना परत द्यायचे कुणाच्या लक्षात राहत नाही.

हॅलोरनसाहेबांकडे मागणीपत्रक होतं:
घोंगड्या, डायपर, सूप, फिरती शौचालयं.
बुटांच्या बंदांना कोड नव्हता.
दुकानं मिटलेली, आणि आमचं गाव बुटांचं खरं,
पण काऊबॉय बुटांना बंद लागतात कुठे?

रात्री साडेअकराला मी माझ्याच ग्रंथालयात
चोरासारखी किल्ली फिरवली.
बाद झालेल्या पुस्तकांचे गठ्ठे बांधतो ती सुतळी,
पोरांच्या हस्तकलेची लोकर, बोथट कात्र्या.
गठ्ठे सोडले. पुस्तकं जमिनीवर सांडली,
तशीच राहू दिली.

सुतळीची टोकं भोकात शिरेनात, फिसकटत.
तेव्हा योर्विस नावाचा एकजण पुढे आला,
बारिनासचा, तिकडे बस चालवायचा.
त्याने मेणबत्ती मागितली,
टोक मेणात बुडवून चिमटीत वळलं,
गार होईस्तोवर फुंकलं.
मग सगळेच फुंकायला बसले.
खाटांच्या कडेला, जमिनीवर, बास्केटच्या जाळीखाली
माणसं सुतळीवर फुंकर घालत होती
आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मराकाइबोच्या एका आजीचे हात थरथरत होते.
मी गुडघे टेकले, तिचे बंद आवळले.
कुणाशी अशी गाठ पडेल असं वाटलं नव्हतं.
"फार घट्ट," ती म्हणाली. सोडून पुन्हा बांधले.

पहाटे बसच्या चिठ्ठ्या. डेन्व्हर, शिकागो, न्यूयॉर्क.
अंगावरचे पातळ सदरे पाहिले की त्या नावांचीच हुडहुडी भरे.
मी शिक्का मारत गेले. धप्प. धप्प.
साठेक चिठ्ठ्या झाल्यावर योर्विसने विचारलं,
"नऊ जानेवारीला काय आहे?"

शिक्का मी फिरवलाच नव्हता.
तीन आठवडे पुढची तारीख,
पुस्तक परत करायची.

मागे रांग खोळंबली. मी चिठ्ठीकडे पाहत राहिले.
"काही नाही," म्हटलं. "उशीर झाला तरी दंड नाही."
तो हसला की नाही ते दिसलं नाही,
तोवर त्याने टोपी ओढून घेतली होती.
एक पाय सुतळीचा, एक जांभळ्या लोकरीचा,
पायऱ्या मात्र पाय उचलून चढला.

नऊ जानेवारीला मी माझ्या टेबलाशी होते.
शाळेला पुन्हा कुलूप लागलं होतं.
सकाळी तीन पोरं आली, एक डायनॉसोरचं पुस्तक,
पानाला जेली लागलेली.
दुपारी साहाय्यकाने विचारलं, सुतळी कुठे गेली,
बाद पुस्तकं कधीची उघडी पडलीत.

मी नोंदवही ओढली.
सुतळी, गुंडाळी एक. बाहेर दिली.
पुढच्या रकान्यात तारीख लागते.
शिक्का उचलला, थोडा वेळ हातात धरला,
आणि खणात ठेवला.